बायकोच्या गळ्यातलं इराणी नाणं

सन एकोणीसशे एक्क्याऐंशी. मी तीस वर्षांचा. शिक्षण दुसरी, पण कोणाचं ऐकून वागलो नाही.

आदिलाबादजवळ जैनथकडच्या आमच्या शेतात बांधाचा दगड उपटताना खाली मडकं लागलं. आत काळी पडलेली, पातळ चांदीची नाणी. बायकोला सातवा महिना होता आणि पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. नजर लागू नये म्हणून आमच्यात गरोदर बाईच्या गळ्यात चांदीचं नाणं बांधतात. मी एका नाण्याला खिळ्यानं भोक पाडलं, काळ्या दोऱ्यात ओवलं आणि तिला बांधलं. वर दिसणाऱ्या बाजूला पंखांचा मुकुट घातलेला राजा होता. मला तो आवडला.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. माय तिचं अंग पुसायला बसली, नाणं उलटं झालं, आणि मायचा हात थांबला.

"हे पाह्यलं काय रे? मांगं चिता हाय. दोन मानसं जाळून राह्यले कोनाले तरी."

"चूल असंल."

"चुलीपाशी काठ्या घेऊन कोन उभं राह्यते? तुहा बाप तं चुलीकडं फिरकलाबी नाई कधी."

मला हसू आलं नाही. ओटा, त्यावर जाळ, दोन्ही बाजूंना माणसं, खरंच दिसत होतं. बायको पोटावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तरी मी दोरा काढला नाही. काढला असता तर माय खरी ठरली असती.

मडक्यातलं दुसरं नाणं घेऊन बसनं आदिलाबादला गेलो. कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर म्हणाले, "इराणच्या जुन्या सासानी राजांचं नाणं आहे. ते अग्नीला देव मानत. ही चिता नाही, वेदी आहे. हे दोघं पहारेकरी. आणि मडकं तहसीलला जमा करा, नाहीतर पोलीस दारात येतील."

घरी येऊन मी हे मायला ताठ मानेनं सांगितलं.

"चिता असती तं बरं होतं," ती म्हणाली. "आता देव निघाला. आन् तू त्याच्या जाळातच खिळा ठोकला."

भोक नेमकं जाळाच्या मधोमध होतं. बायकोचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"काढा ना हे," ती म्हणाली. "मले भेव लागून राह्यलं."

मलाही लागलं होतं. हात दोऱ्यापर्यंत जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोरा कापला आणि गाठ मारून माझ्या गळ्यात बांधला. कोपायचं तर खिळा ठोकणाऱ्यावर कोप, एवढंच त्या अग्निदेवाला म्हणालो. मग तहसीलला द्यायचं मडकं पोत्यात घातलं, बायकोला गाडीत निजवलं आणि बैलं आधी सरकारी दवाखान्याच्या वाटेला लावली.