मालगाडीवर लावलेली पैज

मास्तरीणबाईंच्या नाकी नऊ आले होते. सकाळपासून त्या रेल्वे फाटकाजवळ स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांचा नवरा, गल्लीतला शिंपी, ज्याला सगळे मास्तर म्हणत, गळ्यात कॅमेरा अडकवून मालगाडीची वाट बघत होता. लोक बायकोला बागेत फिरायला नेतात. यांनी आणलं कोळशाचे डबे मोजायला!

बाई काही हौसेने आल्या नव्हत्या. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. सुईत दोरा बाईच ओवून देत. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की मास्तर म्हणत, दुकानात उजेड कमी आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मास्तरांना रेल्वे इंजिनांचे फोटो काढायचा जुना नाद. शेवटी भांडून भांडून त्यावरच पैज ठरली. मास्तरांनी मालगाडीच्या इंजिनाचा फोटो काढायचा आणि फोटोतला नंबर स्वतः वाचून दाखवायचा. वाचला तर ऑपरेशनचा विषय कायमचा बंद. नाही वाचला तर मुकाट्याने दवाखाना.

पानगळीचे दिवस. आधी धुकं हटेना, मग ऊन समोरून यायला लागलं. एक गाडी धडधडत गेली, तेव्हा मास्तर लेन्स पुसत होते. मग त्यांना पलीकडची बाजू हवी झाली. डबा, थर्मास, स्टूल उचलून बाई तिसऱ्यांदा फाटक ओलांडू लागल्या.

"अहो, गाडीचा फोटो काढायचाय की तिचं लग्न लावायचंय?"

"अगं, उजेड पाठीशी लागतो."

"उजेड, उजेड! दुकानात कमी, इथे जास्त!"

उन्हं कलल्यावर एकदाची गाडी आली. मास्तरांनी खटाखट बटण दाबलं. फोटो लख्ख आला होता. कॅमेऱ्याला कुठे मोतीबिंदू होता! मास्तरांनी कॅमेऱ्याचा पडदा नाकाशी धरला आणि नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

बाईंनी कॅमेरा हिसकावून बघितलं. त्यातला एकही आकडा तिथे नव्हता.

"वाचलंत की पाठ म्हटलंत?"

मास्तर वरमले. "या वेळच्या गाडीला नेहमी तेच इंजिन असतं."

"आज नाहीये."

"मग कुठलं आहे?"

बाईंनी एकेक आकडा वाचला. मास्तरांनी पुन्हा वाचायला लावला. त्यांचा चेहरा पडला.

"हे इकडे कधी येत नाही गं. किती वर्षं वाट बघतोय मी याची. रंग तोच, म्हणून मला वाटलं..."

बाई पैज जिंकल्या होत्या, पण त्यांना रडूच यायला लागलं, आणि त्याचाही संताप आला.

"बघा आता! समोरून गेलं की हो तुमच्या!"

"गेलं," मास्तर म्हणाले. त्यांनी कॅमेरा परत मागितला नाही. "उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जाऊ. परत जायला त्याला हेच रूळ आहेत."