तिसऱ्या रांगेचा उजेड

त्या वर्षी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सगळ्या सरकारी दफ्तरांना एकदम फोटो काढून घ्यायची घाई सुटली होती. मध्य भारत नव्या मोठ्या राज्यात मिसळणार आणि राजधानी भोपाळला जाणार हे ठरलं होतं. कुणाची टेबलं जाणार, कुणाची माणसं जाणार, कुणाचं दफ्तरच बंद होणार, याच्या रोज नव्या याद्या निघायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्या रद्द व्हायच्या. पण पांगण्याआधी सगळ्यांचा मिळून एक ग्रूप फोटो हवा, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. सराफ्यामागच्या गल्लीत माझा एका खोलीचा स्टुडिओ होता. लग्नं-मुंजी सोडल्या तर तिथं कुत्रं फिरकत नसे. आता जवळजवळ रोज एक दफ्तर. मी खूश व्हायला हवं होतं. खरं सांगतो, मला मयताच्या घरासमोर हार विकायला बसल्यासारखं वाटायचं.

त्यातलंच एक दफ्तर माझ्या वडिलांचं होतं. दादांनी तिथं तीस वर्षं काढली होती. संस्थानच्या काळात दर दसऱ्याला त्या दफ्तराचा फोटो निघे आणि त्यात दादा खुर्चीवर असत, साहेबांपासून दुसरे, डोक्याला पगडी, हातात काठी. काठी कशाला, ते देवाला ठाऊक. चालताना त्यांना ती कधी लागली नाही. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि ग्वाल्हेरचे कारकून अन् इंदूरचे कारकून एकाच यादीत घातले गेले. त्या यादीत दादा घसरले. काम तेच, टेबल तेच, फक्त वर बरीच नवी नावं आली. दादांनी एक अर्ज केला, दोन केले, तिसरा लिहून ठेवला आणि पाठवला नाही. त्यानंतर घरात त्या विषयावर बोलायची सोय राहिली नाही.

फोटोत कोण कुठं हे यादीप्रमाणेच ठरायचं. हे लोक घरात जेवायला बसतानासुद्धा हुद्दा विसरत नसत, मग फोटोत कसे विसरतील? अधिकारी खुर्च्यांवर, त्यांच्या मागं एक रांग उभी, आणि तिच्या मागं तिसरी रांग बाकांवर चढून. दादांचं नाव तिसऱ्या रांगेत निघालं.

"मी येत नाही," ते म्हणाले. "या वयात बाकावर चढू? मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा?"

"अहो दादा, शेवटचा फोटो आहे."

"म्हणूनच येत नाही."

दोन दिवस मी त्यांच्या मागं लागलो. शेवटी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणालो, "तुम्ही नुसते उभे राहा. उजेड कुणावर पाडायचा ते माझ्या हातात आहे. तुमचा चेहरा असा काढतो की खुर्च्यांवरचे बघत राहतील."

दादांनी चष्मा काढून पुसला. "नक्की दिसेन ना रे?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात त्यांनी माझ्याकडं त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, नक्की.

म्हणालो खरा, पण ते सोपं नव्हतं. साहेबांना फोटो बाहेर अंगणात नको होता, दफ्तराच्या हॉलमध्येच हवा होता. हॉल म्हणजे उंच छत, जाड कमानी, आणि दिवसासुद्धा कोपऱ्यात अंधार. अशा ठिकाणी फ्लॅश समोरून सरळ मारला की पुढची रांग चुना फासल्यासारखी पांढरी येते आणि मागच्या रांगेची भुतं होतात. स्टुडिओत येणाऱ्या एका विलायती मासिकात मी बघितलं होतं की तिकडं फ्लॅश माणसांवर मारतच नाहीत. पांढऱ्या छत्रीच्या आत मारतात, आणि छत्रीवरून परतलेला मऊ उजेड लांबवर पसरतो. झालं, माझ्या डोक्यात छत्री शिरली. दोन काळ्या छत्र्या घेतल्या, शिंप्याकडून आतून पांढरं साटीन लावून घेतलं. छत्री उंच धरून जरा मागच्या बाजूला झुकवली की तिसऱ्या रांगेपर्यंत उजेड जात होता. स्टुडिओत मी बाकावर बादली ठेवून बघितलं. बादली स्वच्छ दिसली.

आता राहिलं एकच. छत्री आणि फ्लॅशगन, दोन्ही एकदम धरून त्या कोनात थांबेल असं ब्रॅकेट. स्टँड माझ्याकडं होते, पण त्यांच्या डोक्यावर नुसता एक दिवा बसायचा. छत्रीचा दांडा कुठं घालणार?

ब्रॅकेटची एक जोडी मुंबईच्या दुकानातून मागवली. काय देखणं! निकेलचं, आरशासारखं. छत्रीच्या दांड्याला भोक, फ्लॅशला खाच, आणि मधला सांधा असा गुळगुळीत की एका बोटानं हवा तितका वळवा आणि पंखासारख्या कानांचा स्क्रू बोटांनी आवळा. दुसरी जोडी मी गिरण्यांच्या हजीरा वस्तीतल्या एका मिस्त्रीकडून करून घेतली. तो गिरणीत फिटर होता आणि सुटीच्या दिवशी घरी असली कामं करायचा. त्यानं लोखंडाचं केलं, काळंकुट्ट, आणि सांध्याच्या दोन्ही चकत्यांवर कानशीनं दाते पाडले. एकदा ते दाते एकमेकांत बसले आणि पान्यानं बोल्ट आवळला, की हत्ती आला तरी हलणार नाही. पण कोन बदलायचा तर पुन्हा पाना आणा, बोल्ट सोडा, एक दाता पुढं सरकवा.

मिस्त्रीनं मुंबईचं ब्रॅकेट हातात घेतलं, छत्री लावली, दांड्याच्या टोकाला बोटानं टिचकी मारली. "बाबूजी, चीज़ सुंदर है," तो म्हणाला, "लेकिन छाते का वज़न आगे को खींचेगा. बिना दाँत का जोड़ है, धीरे-धीरे बैठ जाएगा. अभी नहीं, थोड़ी देर में."

मी दोन्ही जोड्या घरी नेल्या. दादांनी दोन्ही उलटून-पालटून बघितल्या. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण तीस वर्षं कुलपं, पेट्या आणि फायली सांभाळलेला माणूस. त्यांनी लोखंडाचं पुढं सरकवलं. "हे घे. ओबडधोबड आहे, पण धरून ठेवील."

आणि मी काय केलं? मी निकेलचं घेतलं. का? तर त्या हॉलमध्ये सगळे अधिकारी बघणार. कारकुनाचा मुलगा, दफ्तरातली लावून दिलेली नोकरी सोडून फोटो काढतो, म्हणून आधीच नाकं मुरडणारे लोक. त्यांच्यासमोर मी बैलगाडीचं सामान घेऊन उभा राहू? मला त्या दिवशी भारी दिसायचं होतं. दुसरं कारण नव्हतं. पुढं मी मलाच पुष्कळ कारणं सांगितली, हलकं होतं, न्यायला सोपं होतं, कोन पटकन बदलतो. सगळी थापेबाजी.

फोटोच्या दिवशी दादांनी जुना बंद गळ्याचा कोट घातला. पगडी घालू की नको यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी काळी टोपी घातली. दुपारी हॉलमध्ये मी दोन्ही बाजूंना स्टँड उभे केले, छत्र्या चढवल्या, कोन लावले, पंखाचे स्क्रू बोटं दुखेपर्यंत आवळले. दोघं-तिघं कारकून जवळ येऊन ब्रॅकेटकडं बघून गेले. "इम्पोर्टेड है क्या?" एकानं विचारलं. मी हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

रांगा लागल्या. दादा बाकावर चढले, तिसऱ्या रांगेत उजवीकडून चौथे. चढताना त्यांनी कुणाचा हात धरला नाही. मी काळ्या कापडाखाली शिरून काचेवर बघितलं. दादांचा चेहरा दोन खांद्यांच्या मधोमध, मोकळा. सगळं मनासारखं होतं. फक्त मधली खुर्ची रिकामी होती. साहेबांना आत फोन आला होता.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाकावरच्यांना उतरायला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. अर्ध्या तासानं कधीतरी साहेब आले, खुर्चीत बसले आणि बसता बसताच म्हणाले, "चलिए भाई, जल्दी कीजिए, मुझे फिर अंदर जाना है."

मी प्लेट चढवली. झाकण ओढलं. शटरची वायर हातात घेतली आणि मान वर केली, तर उजवीकडच्या छत्रीनं मान टाकलेली. एकदम पडली नव्हती, मिस्त्री म्हणाला होता तशीच, हळूहळू, कुणाला कळू न देता बसली होती. आता तिचं तोंड पुढच्या रांगेच्या गुडघ्यांकडं होतं. दादांच्या बाजूला उजेड जाणारच नव्हता.

स्टँड माझ्यापासून चार पावलांवर होता. चार पावलं जायचं, छत्री वर करायची, स्क्रू आवळायचा, परत यायचं. अर्धं मिनिट. फक्त म्हणायचं होतं, "साहेब, एक मिनिट." तेवढंच.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब घड्याळाकडं बघत होते. मी शटर दाबलं.

फक्कन उजेड झाला, बल्ब जळाले, आणि मी, देवा, मी स्वतःच म्हणालो, "थँक यू सर!" साहेब उठले. ते उठले म्हणून खुर्च्या उठल्या, खुर्च्या उठल्या म्हणून रांगा मोडल्या. माझ्या पेटीत आणखी चार बल्ब होते. न वापरलेली एक प्लेटही होती. अजून एक घेऊ का, एवढं विचारायलासुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

प्लेट धुतली तेव्हा जे व्हायचं ते झालेलं होतं. प्लेटवर उजेड काळा उमटतो आणि अंधाराच्या जागी काच कोरी राहते. तिसऱ्या रांगेत उजवीकडची पाच-सहा माणसं म्हणजे नुसती कोरी काच. छापताना मी नाना प्रकार केले. त्या कोपऱ्याला हातानं आडोसा करून बघितला, तर काळ्याच्या जागी राखेसारखा रंग आला, चेहरा आला नाही. पेन्सिल घेऊन डोळे काढायला बसलो. आपल्या बापाचे डोळे मी अंदाजानं काढतोय हे लक्षात आल्यावर पेन्सिल ठेवून दिली. मग पुठ्ठ्यावर फोटो चिकटवला आणि खाली रिवाजाप्रमाणे सगळ्यांची नावं लिहिली, रांगेनुसार, डावीकडून उजवीकडं. दादांचं नाव मी फार सावकाश, फार सुरेख लिहिलं. वर माणूस नव्हता.

घरी फोटो दाखवला तेव्हा मी आधीच बडबडायला लागलो. "ब्रॅकेटनं दगा दिला दादा. ऐन वेळी बसलं. मला कळलंसुद्धा नाही."

दादांनी फोटो खिडकीजवळ नेऊन बघितला. पुष्कळ वेळ बघितला. "साहेब छान आलेत," ते म्हणाले, आणि तो टेबलावर उताणा ठेवून हात-पाय धुवायला गेले.

मी हीच गोष्ट पुढं सगळ्यांना सांगितली. मुंबईच्या त्या दुकानाला मी काय काय शिव्या घातल्या! हजीऱ्याच्या मिस्त्रीलाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "मैंने तो कहा था," आणि कानस उचलून पुन्हा कामाला लागला. लोखंडाची जोडी मी त्यानंतर प्रत्येक दफ्तरात नेली. ती एकदाही हलली नाही. तिसऱ्या रांगेतले कोण कुठले लोक माझ्या फोटोंत लख्ख दिसायला लागले, आणि लोक मला हुशार म्हणायला लागले.

दादांना भोपाळचा हुकूम आला. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, पण जावं लागणार होतं. निघायच्या दिवशी सकाळी ते वळकटी बांधत होते. ट्रंक उघडी होती, आणि धोतरांच्या घडीत मला तो पुठ्ठा दिसला. तोच फोटो.

"हा कशाला नेताय?" मी म्हणालो. "चला ना स्टुडिओत. गाडीला वेळ आहे. तुमचा एकट्याचा काढतो. चांगला मोठा."

"नको."

"दादा, त्या ब्रॅकेटमुळं झालं हो ते. मी काय..."

"छत्री खाली येत होती ती मला दिसत होती," दादा म्हणाले. ते गुडघा वळकटीवर दाबून दोरी ओढत होते, माझ्याकडं बघत नव्हते. "बाकावरून सगळं दिसतं. तू मान वर केलीस, तुला दिसली, तेही दिसलं."

मी ट्रंकेचं झाकण लावायला घेतलं.

"मग तू साहेबांकडं बघितलंस." त्यांनी गाठ मारली आणि ती पक्की बसली का ते ओढून बघितलं. "मला वाईट वाटलं नाही रे. तुझ्या जागी मी असतो तर मीही दाबलंच असतं."

ते रागानं बोलले नव्हते. एका कारकुनानं दुसऱ्याला समजून घ्यावं तसे बोलले होते. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला परवडलं असतं. बाहेर टांगेवाला हाक मारत होता. दादा म्हणाले, "ती बाजू धर, एकट्याला उचलायची नाही," आणि मी वळकटीची ती बाजू धरली.