फ्लेक्स आधी, डोलकाठी नंतर

बारामतीच्या कॉलेजात छात्रसेनेच्या परेडला माझा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून शिडाच्या जहाजावरच्या प्रशिक्षणाला माझी निवड झाली. अकरावीत होते. पाणी म्हणजे आमच्या निरवांगीजवळची नीरा नदी, तीही पुलावरून बघितलेली.

जहाजाला तीन डोलकाठ्या. मधली बघायला मान मागं टाकली की डोक्यावरची टोपी पडायची. शिडं सोडायला तिच्यावर चढावं लागे. कमरेला पट्टा, पट्ट्याला हूक, त्यामुळं पडायची सोय नव्हती. पण भीतीला हूक कुठं लावायचा? मी घरच्या कडब्याच्या गंजीवरसुद्धा न चढणारी. कधी उलटी, कधी पोटात मुरडा, कधी देवीचा उपास, असं सांगून मी डेक घासत राहिले. एवढा स्वच्छ डेक त्या जहाजानं कधी पाहिला नसेल.

किनारा जवळ आला की मोबाईलला रेंज यायची. एका सकाळी आबांनी, म्हणजे वडिलांनी, फोटो पाठवला. फ्लेक्स! त्यावर माझा दहावीच्या ओळखपत्रातला, तेल चापून घातलेल्या वेण्यांचा फोटो, शेजारी कुठलं तरी जहाज आणि ठळक अक्षरांत, 'सर्वात उंच डोलकाठीवर चढणारी निरवांगीची वाघीण'. खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भावकी.

लगेच फोन लावला.

"आबा, आवो मी अजून चढलेच न्हाय!"

"मग चढ की. फ्लेक्स स्टँडवर लागलाय. आता माझं नाक कापू नगंस."

फोन बंद.

चढले. दोरांच्या शिडीच्या प्रत्येक पायरीला आबांच्या नावानं बोटं मोडत चढले. वारा आला की वाघीण मांजरासारखी डोळे मिटून दोराला चिकटायची. वर पोचल्यावर लक्षात आलं, फ्लेक्सवर फक्त चढल्याचं लिहिलंय, उतरल्याचं काहीच नाही. शेवटी प्रशिक्षक बाई वर आल्या आणि माझं एकेक बोट सोडवून मला खाली आणलं. डेकवर पाय टेकताच मी आनंदानं भोकाड पसरलं.

गावी परतले. एसटीतून उतरून बघते तर स्टँडवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. माझा कुठंच नाही. घरी आले, तर फ्लेक्सवरची मी कडब्याच्या गंजीवर ताडपत्रीसारखी पसरलेली आणि माझ्या एका वेणीवर कोंबडी बसलेली.

"आबा, हे काय?"

"स्टँडवर लावलाच न्हवता गं. तू न्हाय चढलीस तर? लोकं हसली आसती माझ्या लेकीला."

मला राग, हसू आणि रडू एकदमच आलं. नाक पुसत म्हणाले, "आता तर चढले ना? मग लावा की स्टँडवर!"

"लावू की," आबा म्हणाले. "चढ गंजीवर, अन् काढ तूच."

मी गंजीकडं पाहिलं. चांगलीच उंच होती.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मी म्हणाले. "कडबा भिजंल."