हिरवी जाळी

आमच्या ठाकूरद्वारच्या इमारतीला दुरुस्तीसाठी बांबू बांधले आणि वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली, तेव्हा मी दादरहून बाबांना फोन केला. म्हटलं, "बरंच झालं की! आईच्या गवती चहाला छान हिरवा उजेड मिळेल."

पलीकडून बाबा कडाडले, "जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं आणि माझ्याच घरात ही अक्कल!" फोन ठेवून दिला.

बाबांच्या नाकावर राग कायमचाच. आई गेल्यापासून तर त्यांच्याशी बोलायची सोय उरली नव्हती. तिच्या मागे गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात तिने लावलेला गवती चहा तेवढा राहिला होता. रोज सकाळी बाबा त्याचं एक पान खुडून चहात टाकायचे. ते रोप जगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं.

रविवारी गेले, तर भरदुपारी घरात हिरवट अंधार. मी चपला काढतेय तोवर बाबांनी शिकवणी सुरू केली. पानाला उजेडातला मुख्यतः लाल आणि निळा भाग लागतो. त्याच्या जोरावर ते पाण्यातून आणि हवेतून साखर तयार करतं. हिरवा त्याला तितकासा लागत नाही, त्यातला बराचसा ते परत पाठवतं, म्हणून तर पान आपल्याला हिरवं दिसतं. "आणि ही जाळी त्याच्या वाटणीचं मधल्यामध्ये खाते, नको ते पुढे ढकलते," बाबा म्हणाले.

मला आई आठवली. हाच धडा बाबांनी एकदा जेवताना दिला होता, तेव्हा आमटी वाढता वाढता ती म्हणाली होती, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. राग तेवढा बाहेर, बाकी सगळं आत." बाबा हसले नव्हते, पण आमटी पुन्हा मागून घेतली होती.

कंत्राटदार म्हणाला होता, गणपतीपर्यंत जाळी उतरेल. कुठल्या वर्षीचा गणपती, ते त्यालाच ठाऊक. बाबा रोज तो डबा उचलून जिना उतरायचे, वाडीतल्या देवळाच्या ओट्यावर उन्हात ठेवायचे आणि शेजारी पेपर वाचत बसायचे. मग गुडघ्यांनी दगा दिला. मी म्हटलं, डबा मी दादरला नेते, माझ्या खिडकीत ऊन येतं. "तिने तो इथे लावलाय," एवढंच म्हणाले. हट्टी माणूस! मला त्यांचा राग यायचा आणि परत जाताना रडूही यायचं.

दिवाळीच्या आधी गेले तेव्हा जाळी तशीच होती. पानं लोळली होती, बुंध्यापासून पिवळी पडली होती. बाबा डब्याजवळ स्टुलावर बसले होते.

"पिवळं पडलं हो सगळं," मी म्हणाले आणि ओरडा खायच्या तयारीत उभी राहिले.

बाबा ओरडले नाहीत. एक पान बोटांत धरून हळूच म्हणाले, "पिवळा बाहेरून येत नाही गं. तो पानात पहिल्यापासून असतो. हिरवा गेला, की दिसायला लागतो."

आणि आईला पोचवून आलो त्या दिवशीही न रडलेला माझा बाप, ते पान हातात धरून, हमसून हमसून रडायला लागला.