ॲव्हरेजकाका

उभ्या रिक्षाचं इंजिन चालू दिसलं की ॲव्हरेजकाका सरळ आत हात घालून ते बंद करायचे. रिक्षा कोणाची, ड्रायव्हर कुठे, आत कोणी बसलंय का, असले प्रश्न त्यांना पडत नसत. भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागायची आणि काका त्या रांगेतून एकेक किल्ली फिरवत यायचे, निजायच्या आधी घरातले दिवे मालवत जावं तसे. मागून आरडाओरडा सुरू व्हायचा, "ओ अंकल, क्या कर रहे हो?" काका न थांबता ओरडायचे, "तुम्हारा ही पेट्रोल बचा रहा हूं! थँक यू बोलो!" थँक यू कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. एकदा एकाने त्यांची कॉलर धरली आणि मला मध्ये पडावं लागलं. तिथून घरी येईपर्यंत काका मला त्या रिक्षाच्या कार्बोरेटरमध्ये काय बिघाड आहे ते समजावत होते.

नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. आम्ही लालबागहून आलो होतो, ते परळहून. ठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. कारखाना बंद पडला तेव्हा काका चोपन्न वर्षांचे होते. काम गेलं की माणूस खचून गप्प बसतो म्हणतात. काका खचले असतील, पण गप्प काही बसले नाहीत. सकाळी साडेसातला, म्हणजे पूर्वीच्या शिफ्टच्याच वेळेला, हातात पाना घेऊन खाली उतरायचे आणि आपल्या गाडीचं बॉनेट उघडायचे. गाडी छोटी, पांढरी, त्यांच्याकडे येईपर्यंत दोघांकडे नांदून आलेली. माझी स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर तिच्या डोक्यावर. माझ्या पोळ्या आणि त्यांची ठोकाठोक अशी जुगलबंदी आठ वर्षं चालली.

गाडी घेतली तेव्हा लिटरला तेरा किलोमीटर जात होती. काकांना ते तेरा झोपू देईनात. मग सुरू झाले उपद्व्याप. टायरमध्ये इतकी हवा भरली की खड्ड्यातून जाताना दात वाजायचे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पेट्रोलच्या पाइपला बांधलं. कार्बोरेटर तर दर आठवड्याला सुटा होऊन जेवणाच्या टेबलावर यायचा आणि काकींच्या आमटीला पेट्रोलचा वास यायचा. चाकात वारा अडकतो म्हणून काकांनी स्टीलची दोन ताटं भोकं पाडून मागच्या चाकांवर बसवली. पाहुणे आले की काकी शेजारून माझी ताटं मागून न्यायच्या. आमचे सेक्रेटरी जिग्नेशभाई वैतागून म्हणायचे, "काका, ये पार्किंग छे, गॅरेज नहीं!" काका म्हणायचे, "जिग्नेशभाई, तुमची गाडी आणा खाली. एका रविवारात पंधरावर नेतो." जिग्नेशभाई घाबरून चावी खिशात टाकायचे.

त्याच सुमारास पेपरात बातमी आली की परदेशात पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी गाडी निघाली आहे आणि सिग्नलला तिचं इंजिन आपोआप बंद होतं. काका पेपर नाचवत माझ्या दारात. "बाई, वाचलंत? हेच मी हाताने करतोय की!" मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणत. आठ दिवसांत त्यांनी दिवे आणि वायपरसाठी वेगळी बॅटरी बसवली. ती घरी चार्ज करायची, म्हणजे इंजिनावरचा तेवढा भार कमी. "आपलीपण आता हायब्रिड," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ती बॅटरी रोज दोन जिने वर आणून पुन्हा खाली न्यावी लागायची. तो भार कोणावर, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माझं ॲव्हरेज चांगलं आहे."

किती फरक पडला हे मोजायची त्यांची रीत मात्र पक्की कारखान्यातली होती. अंदाजपंचे काही नाही. टाकीकडून येणारा पाइप सोडवायचा, तो बरोब्बर एक लिटर पेट्रोल भरलेल्या बाटलीला जोडायचा, बाटली बॉनेटखाली टांगायची आणि निघायचं. बाटली संपली की गाडी बंद पडेल तिथे बंद पडेल. खाली उतरून आकडा बघायचा, पाइप परत टाकीला जोडायचा. उत्तनला चौकात माझी मैत्रीण राहायची, तिच्याकडे सोडतो म्हणून एकदा काकांनी मला नेलं आणि भर चढावर गाडी आचके देऊन थांबली. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"पेट्रोल न्हाय काय गाडीत?"

"आहे की! भरपूर आहे," काका बॉनेटमधून म्हणाले. "मुद्दाम बंद पाडलीय."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, यो तुझा कोन हाय?"

"शेजारी," मी घाईघाईने सांगितलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गाडी घेतली होती ती काकींसाठी. काकींचं माहेर गुहागरच्या पुढे. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांना वाढवलं. ती अक्का दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. काकींना एसटी लागायची. पनवेलच्या आधीच उलट्या सुरू व्हायच्या, एकदा तर माणगावला उतरून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यामुळे सहा वर्षं जाणं नाही. पुढे बसून, काच खाली करून, हवं तिथे थांबत गेलं तर सोसेल, म्हणून काकांनी हौसेने गाडी आणली. अक्काचा फोन आला की पलीकडचा बारीक आवाज मलाही ऐकू यायचा, "गाडी घेतलीत ना गो? मग ये की."

"अठरा पडू दे," काका म्हणायचे. "ॲव्हरेज म्हणजे इंजिनाची तब्येत. आजारी गाडी घाटात नाही घालणार मी. अठरा पडलं की त्याच दिवशी निघू."

अठरा पडलं. तेव्हा काकांना वीस दिसायला लागलं. मी एकदा चांगलीच तडकले. "काका, गाडी धावतेय ना? मग न्या ना त्यांना!" ते म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांना पेपर अर्धा सोडवून द्यायला सांगता का?" आज वाटतं, त्या कारखान्याने त्यांचा पेपर अर्ध्यावरच काढून घेतला होता आणि म्हणून हा एक तरी त्यांना पुरा सोडवायचा होता. पण तेव्हा मला त्यांचा रागच यायचा.

वीस पडावं म्हणून त्यांनी गाडीचं वजन कमी करायला घेतलं. आधी स्टेपनी आणि जॅक गेला. मग मागची सीट. खिशातली चिल्लर आणि मोबाइलसुद्धा काढून ठेवून ते चाचणीला निघायचे. शेवटी डावीकडची पुढची सीटही निघाली. ती त्यांनी वर आणून गॅलरीत ठेवली आणि काकी त्या सीटवर बसून मेथी निवडायला लागल्या. मी डोकावले तर म्हणाल्या, "बघ, मी गाडीतच बसलेय. गाडी फक्त खाली आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तो रविवार होता. काका सकाळीच बाटली जोडून घोडबंदरच्या बाजूला गेले होते. नऊच्या सुमाराला भाच्याचा फोन आला, अक्काचं काही खरं नाही, ती सारखी तुझंच नाव घेतेय, लगेच निघ. काकींनी काकांच्या मोबाइलवर फोन लावला. तो फ्रिजवर वाजला. मी रिक्षा करून काशिमिऱ्यापर्यंत शोधून आले. एक वाजता खाली हॉर्नवर हॉर्न. काका खिडकीखाली उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "एकवीस! बाई, एकवीस! खात्री करायला दुसरी बाटली पण लावली. पुन्हा एकवीस!"

काकी पिशवी घेऊन जिना उतरल्या. "अक्का चाललीय," एवढंच बोलल्या.

काका धावत वर जाऊन सीट घेऊन आले. खाली ठेवली आणि तशीच धरून उभे राहिले. सीट पकडून ठेवणारी गाडीच्या तळाची लोखंडी पट्टी त्यांनी महिन्यापूर्वीच करवतीने कापून काढली होती. दीड किलो वाचला म्हणून मला कौतुकाने दाखवलीही होती. आता सीट बसणार कशावर? रविवार, सगळी वेल्डिंगची दुकानं बंद. काकांनी एक मिनिट इकडेतिकडे पाहिलं. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी माझ्या दोन गोधड्या आणल्या, त्या पत्र्यावर अंथरल्या आणि काकी खाली मांडी घालून बसल्या. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

अक्का दिवेलागणीला गेली. हे दोघं पोचले तेव्हा रात्र झाली होती. नऊला निघाले असते तर गाठ पडली असती. हा हिशेब करायला कोणाला बाटली लागत नव्हती.

परत आल्यावर काकांनी गाडी मेकॅनिकला दिली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा हात तिला लागला. पट्टी वेल्ड झाली, सीटा, स्टेपनी, सगळं जागेवर आलं. ते बदलले असं म्हणावं तर तेही खरं नाही. महिनाभरात त्यांनी सोसायटीचा पाण्याचा पंप खोलला आणि जिग्नेशभाईंना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. पण माझ्याशी बोलताना ते नजर चुकवायचे आणि मी, माझ्या चांगुलपणाला काय झालं होतं कोण जाणे, त्यांना चुकवू द्यायचे. एक शब्द बोलायला हवा होता. तो राहिला. पाच वर्षांनी एका सकाळी पाना हातात घेऊनच ते जिन्यात कोसळले आणि गेले.

काकी मुलीकडे नाशिकला जायला निघाल्या, तेव्हा मी सामान बांधायला गेले होते. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "अक्काचे दिवस करून निघालो ना, तेव्हा यांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. गोधड्या नीट घातल्या होत्या, पाठीला उशीही लावली होती. मी गेले आणि बोरिवलीच्या एसटीत बसले."

"तुम्ही? एसटीत?"

"हो. म्हटलं, मरेन, पण त्या गाडीत नाही बसणार. चिपळूणपासूनच उलट्या सुरू झाल्या. मागच्या काचेतून बघितलं तर गाडी मागे. बस थांबली की हे थांबायचे, पळत खिडकीखाली यायचे, लिंबू द्यायचे, पाणी द्यायचे. पोलादपूर, महाड, माणगाव... बस सुटली की परत पळत गाडीत. सगळी वाट असंच. बोरिवलीला उतरले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. तिथून बसले मग. यांच्या गुडघ्याला डोकं टेकलं आणि झोप लागली. भाईंदर कधी आलं कळलं नाही."

त्यांनी एक वाटी गुंडाळली, पुन्हा उघडली, पुन्हा गुंडाळली.

"अख्खा दिवस त्या माणसाला मागे मागे धावायला लावलं ना मी, ते अजून आठवतं."

"वाईट वाटतं का, काकी?"

"छे गं," काकी म्हणाल्या. "बरं वाटतं." आणि रडायला लागल्या.