वामनभाऊंचा वरचा सूर

कंट्रोल रूममध्ये माणसं थोडी आणि वेळ भरपूर असला की किस्से आपोआप साचतात. सांगायला बसलो की हसू येतं. आमचं मात्र हल्ली हसता हसताच तोंड उतरतं, कारण सगळे किस्से फिरून वामनभाऊंच्या कानापाशी येऊन थांबतात.

आमची पाणीपुरवठा योजना मंगरूळपीरकडची. धरणावर पंपहाऊस, तिथे ऑपरेटर शारदाताई. इकडे कंट्रोल रूममध्ये मी आणि मेकॅनिक वामनभाऊ. मधला निरोप रेडिओवरून दोन सुरांत येतो. वरचा सूर म्हणजे एक, खालचा म्हणजे शून्य. त्यावरून मोडेम पाण्याची पातळी दाखवतो. वामनभाऊ मीटर नंतर बघायचे, आधी स्पीकरला कान लावायचे. रिटायरमेंट जवळ आली आणि तोच कान दगा देऊ लागला. हे आम्हाला कळत होतं, त्यांना मान्य नव्हतं. कानावर जगलेल्या माणसाला सांगणार कोण?

*

बाजूला वेल्डिंगचं दुकान आलं. वेल्डिंग सुरू झालं की स्पीकरवर नुसती खरखर आणि स्क्रीनवर धरण क्षणात कोरडं, क्षणात ओव्हरफ्लो! वामनभाऊ भांडायला गेले आणि चहा पिऊन, तह करून आले. तेव्हापासून वेल्डरचा आधी फोन यायचा, "भाऊ, एक गेट जोडून राह्यलो, तुमचं धरण सांभाळा!"

*

मग नवे इंजिनिअर साहेब आले. त्यांनी खरखर घालवायला एकदम अरुंद फिल्टर लावला. आवाज असा स्वच्छ झाला की आम्ही टाळ्या वाजवल्या. पण पातळी चुकीचीच! एका सुराची शेपटी पुढच्या सुरात शिरायची आणि मोडेम गोंधळायचा.

वामनभाऊ म्हणाले, "साहेब, चाळणी इतकी बारीक लावली का पीठ बी वरच राह्यलं!"

साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी निरोप पाठवायचा वेग कमी केला. आकडे बरोबर आले, पण सावकाश. शारदाताईंनी फोन केला, "काहो, पाणी आधी पोचते अन् तुमची खबर मागून येते काय?"

*

रोज सकाळी आमची एक रीत होती. शारदाताई टेस्टची दोन बटणं आलटून पालटून दाबायच्या, एक वरच्या सुराचं, एक खालच्या. वरचा सूर आला की वामनभाऊ बोट वर करायचे, खालचा आला की पंजा टेबलावर ठेवायचे. मी तसं रजिस्टरमध्ये टाकायचो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, बोट जरा उशिरा वर जातं. भाऊ स्पीकर ऐकतच नव्हते, वरच्या सुराला लागणारा मोडेमचा दिवा बघत होते. एक दिवस दिवाच गेला. सूर कोणताही येवो, पंजा टेबलावरच! मी म्हटलं, "भाऊ, आज बोटाले सुट्टी हाये काय?" ते हसले नाहीत. तो विनोद मी पुन्हा कधी केला नाही.

*

आणि हा परवाचा.

वामनभाऊंनी जाहीर केलं, "फिल्टर खराब झाला. वरचा सूर येऊनच नाही राह्यला." त्यांनी एक फिल्टर बदलला, मग दुसरा. तिकडे शारदाताई बटण दाबून होत्या आणि आमच्या स्पीकरवर वरचा सूर असा किंचाळत होता की साहेब कानावर हात ठेवून केबिनबाहेर आले.

वामनभाऊ फोनवर ओरडत होते, "काहून पाठवत नाही वं बाई?"

त्या म्हणाल्या, "पाठवून तं राह्यली, भाऊ!"

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदा भीती होती. साहेबच हळूच म्हणाले, "भाऊ, दोष तिकडच्या मशीनमध्ये असेल. बघून या."

भाऊ लगेच मोटारसायकल काढून धरणावर गेले. चांगलं चालणारं मशीन त्यांनी उघडलं, पुसलं, पुन्हा बंद केलं. मग आमचा स्पीकर ऐकायला तिथून फोन लावून चालूच ठेवला. शारदाताईंना भाऊंच्या कानाबद्दल आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, "हं, दाब आता. आधी खालचा."

आमच्या स्पीकरवर खालचा सूर वाजला.

"आता वरचा."

शारदाताई क्षणभर थांबल्या असाव्यात. मग स्पीकरवर सूर आला. पुन्हा खालचाच.

आणि फोनवर वामनभाऊ आनंदाने ओरडले, "आला! पाहा बरं, कसा खणखणीत आला वरचा!"