गाठीखालचे फुटवे

माझी मामी कलमं बांधायची. हातात धारदार पातं, दातात पट्टी, आणि तेवढ्यातूनही समोरच्याची हजेरी घेणं चालूच. मामाची नर्सरी तिच्या बोटांवर चालत होती, हे मामा स्वतः सांगायचा. तो गेला आणि त्याच्या धाकट्या भावाने पंधरा दिवसांत फाटकाचं कुलूप बदललं. मामीने एवढंच मागितलं: साईच्या रंगाच्या, दुहेरी फुलांच्या कॅमेलियाची एक फांदी. ते कलम नवराबायकोने मिळून वाढवलेलं.

"वहिनी, तुमचा आता इथे संबंध संपला," असं म्हणून त्या गृहस्थाने फाटक लावून घेतलं. त्या दिवसापासून मामीच्या डोक्यात सूड होता, आणि ती तो लपवतही नव्हती.

मी फोनवर ऑनलाइन नर्सऱ्या धुंडाळू लागले. चार ठिकाणी एकच फोटो, तोही चोरलेला. पाचव्या ठिकाणी 'दुर्मिळ, फक्त आमच्याकडे' म्हणून खुद्द मामीचे ते भाऊजी. नात्याने माझेही मामाच, पण फाटक लावल्यापासून मीही त्यांना भाऊजीच म्हणायचे. माझ्या नावावर रोप मागवलं. मामीने खोका फोडला, कोवळ्या फांदीवरून अंगठा फिरवला आणि कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसली.

"लव आहे गं हिच्यावर! आमच्या झाडाची फांदी गुळगुळीत. ही ज्यावर कलम बांधतो त्या खालच्या जंगली खुंटाची. गाढवाने कलमाच्या गाठीखालचे फुटवे तोडून लावलेत."

त्या फुटव्यांना मुळं चटकन फुटतात, म्हणून भाऊजी खूश. फूल यायला मात्र तीन वर्षं, आणि तेही एकेरी, गुलाबी, बटणाएवढं.

"सांगायचं का त्यांना?" मी विचारलं.

"सांगतेय मी! फुलू दे की."

खरं झाड शेवटी सापडलं ते एकही फोटो नसलेल्या, नुसती नावांची यादी टाकलेल्या नर्सरीत. तिथल्या मालकीणबाईंनी पूर्वी मामाकडूनच ते नेलेलं. त्यांनी पाठवलेल्या फांदीचं मामीने कुंडीतल्या जंगली खुंटावर कलम बांधलं.

तिसऱ्या वर्षी भाऊजींच्या गिऱ्हाइकांकडे गुलाबी बटणं उमलली आणि त्यांच्या वेबसाइटवर शिव्यांची रांग लागली. मामी मला एकेक मोठ्याने वाचायला लावायची, झणझणीत असली तर दोनदा. मामीकडे साईच्या रंगाची फुलं आल्याचं कुणीतरी भाऊजींच्या कानावर घातलं. ते कुणीतरी म्हणजे मीच.

भाऊजी आले. त्यांच्याकडचं मूळ कलम जंगली फुटव्यांनी कधीच गिळलं होतं.

"वहिनी, चुकलं माझं. नर्सरीचं नाव पार मातीत गेलं. चार फांद्या द्या."

मामी कात्री घेऊन कुंडीपाशी वाकली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुटवा दिसला की खुडणाऱ्या या बाईने वर्षभर गाठीखालच्यांना हात लावला नव्हता. मला वाटायचं, थकली बिचारी. तिने नेमके तेच कापले आणि ओल्या फडक्यात गुंडाळले.

"जपा हं भाऊजी. तीन वर्षं धीर धरा."

भाऊजींनी ते दोन्ही हातांनी घेतले. निरखूनसुद्धा पाहिले नाहीत. मला दया यायला हवी होती. मी पुढे होऊन त्यांना पिशवी दिली.